एकेचाळीस नंबरची जोडी

१

आवाज लहानच होता. लोखंडी सळईचं टोक बुटाच्या चवड्यावर हलकेच आपटलं की होतो तेवढा. पण जसा यायला हवा होता तसा तो आला नाही. आता मला ऐकू फार कमी येतं. नातवंडं कानाशी येऊन ओरडतात तेव्हा कुठे कळतं. तो आवाज मात्र अजून चांगला ऐकू येतो.

मी खाणीच्या बुटांच्या खोलीत कामाला होतो. गफ्सा शहराच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात आमची फॉस्फेटची खाण होती. आता ती बंद आहे. आता वरूनच डोंगर कापतात. तेव्हा माणसं बोगद्यातून आत जायची. सकाळच्या पाळीला बासष्ट माणसं, म्हणजे बासष्ट जोड्या. बोगद्याच्या तोंडाशीच दगडात कोरलेली एक लांबट, बुटकी खोली होती. तिच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खुंटीखाली पांढऱ्या रंगाने आकडा. ती खोली माझी.

दुपारी दोनला माणसं बाहेर येत. पाण्याच्या उथळ हौदातून चालत येत, बाकावर बसून बूट काढत, आपापल्या खुंटीवर टांगत आणि अनवाणी शेजारच्या न्हाणीघरात जात. मग बूट माझे. आधी बोथट सुरीने तळाच्या खिळ्यांमधला चिखल काढायचा. ताठ ब्रशने शिवण धुवायची, कारण ती पिठासारखी धूळ शिवणीत बसली की दोरा खाते. नाड्या वेगळ्या धुवायच्या. मग आत हलफा भरायचं. हलफा म्हणजे आमच्या माळावरचं चिवट गवत. वाळलेलं असलं की बुटातली सगळी ओल पिऊन टाकतं आणि आकारही धरून ठेवतं. विस्तवाजवळ बूट कधी न्यायचा नाही, कातडं तडकतं. सकाळी गवत काढून चरबी चोळायची. मेंढीच्या शेपटीची चरबी, मेण, थोडं ऑलिव्हचं तेल. बोटांनी चोळायची, फडक्याने नाही. फडक्याला कातडं कुठे दुखतंय ते कळत नाही.

आणि गवत भरण्याआधी प्रत्येक बूट वाजवून बघायचा. चवड्यावर, कातड्याखाली, पोलादाची टोपी असते. माणसाच्या बोटांवर दगड पडला तर ती झेलते. तिला तडा गेला तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. चांगला बूट रिकाम्या मडक्यासारखा बोलतो. तडा असला तर खरखरतो. माझ्या आधी त्या खोलीत अम्मार चाचा होता, त्याने मला हे शिकवलं. एकदा तो स्वतः बूट घालून बसला, मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, "आता वाजव." मी वाजवलं. ठप्. भिंतीवर मारल्यासारखं.

"हा तिसरा आवाज," अम्मार चाचा म्हणाला. "आत पाय असल्याचा. तो तुझ्या कामाचा नाही. पण ओळखून ठेव."

त्या दुपारी चाळीस जोड्या धुऊन, वाजवून झाल्या होत्या. एकेचाळिसावी जोडी माझ्या धाकट्या भावाची, मिस्बाहची. धुतली, पुसली, मांडीवर घेतली आणि सळई आपटली.

ठप्.

मी बूट उलटा केला. आतून थोडं पाणी गळलं. पुन्हा वाजवला. ठप्. दुसरा वाजवला, तोही तसाच. बेचाळीस नंबर हातात घेतला. तो मडक्यासारखा बोलला. मग मी उगाच हसलो, एकेचाळीसमध्ये गवत भरलं आणि पुढे गेलो.

२

तरी काम संपल्यावर मी घरी न जाता मिस्बाहकडे गेलो. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी सतराचा. त्याला मीच वाढवला. त्याचं लग्न मीच लावलं. त्याच्या बायकोला, मबरूकाला, तेव्हा पाचवा महिना होता.

तो अंगणात परातीत पाय सोडून बसला होता. मबरूका शेगडीवर चहा उकळत होती.

"ये भाऊ. पाय दुखतायत म्हणून मीठ टाकलंय."

मी परातीजवळ उकिडवा बसलो आणि पाण्यात बघू लागलो.

"काय बघतोस?"

"बोटं."

"मोजून घे. दहा आहेत. एखादं जास्त हवं असेल तर मबरूकाच्या पोटात बघ, तिथे अजून दहा तयार होतायत."

"लाज नाही याला," मबरूका म्हणाली आणि माझ्यापुढे पेला ठेवला. "घ्या सीदी. याचं ऐकू नका." मोठ्या दिराला आमच्याकडे सीदी म्हणतात.

मी पाण्यात हात घालून त्याची टाच धरली. ऊब होती. लहानपणी काटा काढताना धरायचो तशीच टाच, फक्त मोठी झालेली. त्याने गुदगुल्या झाल्यासारखा पाय झटकला आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं. आम्ही तिघं हसलो. मी चहा प्यायलो, घरी गेलो. झोपही चांगली लागली.

मला वाटलं, कानात पाणी गेलं असेल. न्हाणीघराच्या वाफेने कान बसतात कधीकधी.

३

दुसऱ्या दिवशी तोच आवाज. तिसऱ्या दिवशीही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही. आमच्या खाणीत सुरुंग दोन पाळ्यांच्या मध्ये उडवत. माणसं सगळी बाहेर आली की. आणि सगळी बाहेर आली की नाही, हे कुठल्या वहीत बघत नसत. वहीत माणसं एकमेकांच्या नावापुढे खुणा करतात, अंगठे लावतात. बूट मात्र खोटं बोलत नाहीत. दुसऱ्याच्या बुटाने कोणी घरी जात नाही आणि बूट काढल्याशिवाय कोणी न्हायला जात नाही. ज्याची जोडी खुंटीवर, तो बाहेर. माझ्या खोलीला एक खिडकी होती. तिच्यापलीकडे सुरुंगवाल्याची टपरी. सुरुंगवाला सी तीजानी. 'सी' आम्ही नावाआधी मानाने लावतो. तो अडीचला खिडकीतून विचारायचा, "बलकासम, भरलं का?" मी खुंट्यांवरून नजर फिरवायचो. एकही रिकामी नसली की म्हणायचो, "भरलं." मग तो यंत्राचा दांडा दाबायचा.

सगळा डोंगर माझ्या एका शब्दावर होता. आणि त्या खुंट्यांवरची एक जोडी मला सांगत होती की माझ्यात अजून पाय आहे.

तिसऱ्या दिवशी मी सी तीजानीला आत बोलावलं. तो जाडा, चेष्टेखोर माणूस. कमरेला नेहमी खजुराची पिशवी.

"जरा कान दे," मी म्हणालो आणि एकेचाळीस वाजवला.

तो ऐकून म्हणाला, "बुटासारखा वाजतो."

"नीट ऐक."

"नीटच ऐकलं. बूट आहे, बुटासारखा वाजतो. गाढवासारखा ओरडला तर मला उठव."

"भरलेला वाटत नाही? आत पाय असल्यासारखा?"

तीजानीने माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बलकासम, किती वर्षं आहेस इथे?"

"अकरा."

"रजा घे. समुद्राकाठी मेहुण्याकडे जा. मासे खा." जाताना त्याने दोन खजूर बाकावर ठेवले.

तो गेल्यावर मी बूट पुन्हा वाजवला. ठप्. म्हणजे हे फक्त माझ्यासाठी होतं. ते कळल्यावर जास्त भीती वाटली. मी हात आत घातला. रोज घालतो, मनगटापर्यंत जातो. त्या दिवशी बोटांची पेरं आत गेली आणि थांबली. समोर काही लागलं नाही. फक्त पुढे जागा नव्हती. आणि बूट काढून दोन तास झाले होते, थंड पाण्याने धुऊन झाला होता, तरी आतलं कातडं कोमट होतं, नुकताच पाय बाहेर काढावा तसं.

मी हात काढून घेतला आणि माझ्या तोंडून "माफ कर" असं निघालं. कोणाला म्हणालो ते मला ठाऊक नाही.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. न्हाणीघरात एक नळ टपकत होता. एकसष्ट जोड्या भिंतीवर उलट्या टांगलेल्या, ओल्या, आणि एक मांडीवर. मी स्वतःला समजावलं. कातडं पाण्याने फुगतं, फुगलं की आत जागा राहत नाही, आवाज दबतो. वाफेने ऊब धरते. सगळ्याला कारण आहे. कारणं मी एकेक करून मोजली आणि तरी तो बूट मला परत हातात घ्यायचा नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, मिस्बाहला नवी जोडी द्यायची. जुनी नाही तर आवाज नाही.

४

नवी जोडी मिळवणं सोपं नव्हतं. जुनीला आठच महिने झाले होते. मी मुकादमाला खोटं सांगितलं की टोपीला तडा आहे. त्याने वाजवून बघितलं नाही. माझ्या कानावर खाणीत सगळ्यांचा विश्वास होता. नव्या जोडीवर मी पांढऱ्या रंगाने एकेचाळीस लिहिलं.

मिस्बाहला ती आवडली नाही.

"माझी जुनी काय वाईट होती? माझ्या पायाला सवय झाली होती तिची."

"तडा होता."

"मग मला कसा नाही लागला?"

"लागेपर्यंत थांबतात का? घाल."

"टाचेला चावतात रे भाऊ."

"आठवडाभर चावतील. लग्नानंतर मबरूकाही चावलीच असेल."

"ती अजून चावते," तो म्हणाला आणि लंगडायचं सोंग करत बोगद्याकडे गेला. तो असाच जायचा, मागे वळून न बघता एक हात वर करून.

आता नियम असा, की नवी जोडी दिली की जुनीवरचा आकडा खरवडून टाकायचा, आणि मग ती जोडी त्याच माणसाला शेतीच्या कामासाठी देऊन टाकायची. मी सुरी घेऊन बसलो. आकड्याच्या पहिल्या रेघेवर सुरी ठेवली आणि माझा हात होईना. भावाचं नाव पुसतोय असं वाटलं. म्हटलं, उद्या करू. जोडी कोपऱ्यात गवताच्या गठ्ठ्यामागे ठेवून दिली.

दोन दिवस बरे गेले. नवी जोडी मडक्यासारखी बोलत होती. मी सी तीजानीला म्हटलंदेखील की कान उघडले माझे.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, खोलीत मी एकटा असताना, मला गवताच्या गठ्ठ्यामागची जोडी आठवली. विसरून जायला हवं होतं. पण दाताला लागलेल्या खड्याकडे जीभ जाते तसं झालं. मी ती बाहेर काढली. धूळ बसली होती. सळई घेतली. पुष्कळ वेळ तशीच हातात धरून बसलो. मग वाजवली.

ठप्.

नवी जोडी घालून मिस्बाह त्या वेळी डोंगराच्या आत होता.

मी काय करावं? कोणाला सांगू? तीजानी हसला असता. खोटं सांगून जोडी घेतली म्हणून मुकादमाने मला काढलं असतं. भीती वाटली की माणूस हाताला माहीत असलेलं काम करतो. मी ती जोडी धुवायला घेतली. तळाचे खिळे साफ केले, शिवण धुतली, पुसली, चरबी चोळली. लहान पोराला तेल लावावं तशी, हळूहळू. चोळता चोळता मन शांत झालं. मग उठलो आणि जोडी टांगली. कुठे टांगली ते मी बघितलंही नाही. अकरा वर्षं माझे हात एकेचाळीस आकड्याची जोडी एकेचाळीस नंबरच्या खुंटीवर टांगत आले होते.

दोन वाजता माणसं आली. गर्दी, हौदातल्या पाण्याचा आवाज, खोकला, शिव्या, कोणीतरी कोणाच्या टकलावर थापट मारली. बाक भरले, रिकामे झाले. न्हाणीघराचं दार आपटत राहिलं आणि मग शांत झालं.

"बलकासम, भरलं का?" तीजानी खिडकीतून म्हणाला.

मी दाराशी उभा राहून खुंट्यांवरून नजर फिरवली. मी रिकामी खुंटी शोधत होतो. स्वच्छ बूट शोधत नव्हतो.

"भरलं," मी म्हणालो.

५

सुरुंगाचा आवाज आमच्या खोलीत आवाजासारखा येत नसे. आधी पायाखालची जमीन जड व्हायची, मग सगळे बूट खुंट्यांवर एकदम हलायचे. तेव्हा बुटांवरचा वाळत आलेला चिखल खाली पडायचा. बारीक पाऊस पडावा तसा आवाज, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्या दिवशीही पडला. मी झाडू घेतला. खुंट्यांखाली चिखलाची लांब पट्टी पडली होती आणि मध्ये एका जागी ती तुटली होती. तेवढी एकच फरशी कोरडी, स्वच्छ. मी वर बघितलं.

मबरूकाच्या नवऱ्याला टाचेला फोड आला होता. हे मागाहून कळलं. आतल्या वळणावर तो बूट सैल करायला बसला आणि बाकीच्यांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतोच. कोणी थांबलं नाही, कारण थांबायची गरज नव्हती. जोडी खुंटीवर आल्याशिवाय सुरुंग उडत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी आधी बोंब मारली की आधी ती जोडी खुंटीवरून उतरवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर मला ठाऊक आहे. आधी जोडी उतरवली. न्हाणीघराचं पाणी तापवायच्या भट्टीत टाकली. तिचं तोंड चार पावलांवर होतं. मग बाहेर धावत गेलो आणि ओरडलो की एकेचाळीस रिकामी आहे, एकेचाळीस रिकामी आहे.

सी तीजानीचा चेहरा पांढरा पडला. "तू भरलं म्हणालास."

"मी म्हणालो एक बाकी आहे."

त्याला स्वतःच्या कानांची खात्री नव्हती, आणि माझ्या कानांवर खाणीत सगळ्यांचा विश्वास होता. पुढे चौकशीतही तो एवढंच म्हणाला की मला भरलं असं ऐकू आलं. त्याला काढून टाकलं. तो बायकापोरं घेऊन स्फाक्सला गेला.

मुकादम आठ माणसं घेऊन आत गेला. बाहेर बायका जमायला लागल्या. मबरूका आली तेव्हा मला तिथे उभं राहवेना. मी माझ्या खोलीत जाऊन दार लोटलं. जळत्या कातड्याचा वास येत होता. खिडकीतून ऊन तिरकं आत आलं होतं आणि त्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. सुरुंगानंतर ती तासभर तरी खाली बसत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. बोगद्याकडच्या दाराने कोणीतरी आलं. हौदात पावलं पडली, सावकाश. मग मिस्बाह आत आला आणि बाकावर बसला, रोज बसायचा तिथेच.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. पापण्यासुद्धा. मी त्याच्याकडे धावलो, त्याचे खांदे धरले, तोंडाला येईल ते बोललो. तो माझ्याकडे बघत होता. कुठे जखम नाही, रक्त नाही. खोकत नव्हता. त्या धुळीतून येणारा माणूस खोकत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आतली माणसं भेटली का तुला? मुकादम?"

त्याने मान हलवली. नाही. आत जायला आणि बाहेर यायला एकच बोगदा होता.

मी खाली बसलो आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. हौदातल्या पाण्याने बूट चकचकत होते. नाडीला गाठ बसली होती. ती सुटेना. सळई बाकाखालीच होती. ती का उचलली ते मला विचारू नका. अकरा वर्षं बूट मांडीवर आला की हात तिच्याकडे जायचा. मी त्याच्या चवड्यावर टोक आपटलं.

मडक्यासारखा वाजला.

मी पुन्हा वाजवला. दुसरा वाजवला. दोन्ही रिकामे. स्वच्छ, गोल आवाज, तडा नसलेल्या चांगल्या टोपीचा.

"राहू दे भाऊ," मिस्बाह म्हणाला. "नवे आहेत अजून."

तो बोलला तेव्हा मी वर बघितलं. त्याचं तोंड त्या उन्हाच्या पट्ट्यात होतं. ओठ हलत होते. ओठांसमोर धूळ तरंगत होती आणि ती जिथल्या तिथे होती. एक कणही बाजूला झाला नाही.

मग बाहेरून मबरूकाची हाक आली आणि तो उठून तिच्याकडे गेला. बायकांचा जल्लोष मी आत बसून ऐकला. अर्ध्या तासाने मुकादम आठ माणसांसकट परत आला. पहिल्या वळणावरच छत खाली आलं होतं, म्हणाला, उंदीर जायला वाट नाही. मिस्बाहला चहा पिताना बघून तो मटकन खाली बसला आणि अल्लाचं नाव घेत राहिला.

६

त्यानंतर मिस्बाह आत गेला नाही. कंपनीने त्याला फाटकावर राखणीला बसवलं. मबरूकाला मुलगी झाली. त्याने तिला अंगाखांद्यावर खेळवली, बाजारातून भाजी आणली, शेजाऱ्यांची भांडणं सोडवली. लोक म्हणायचे, मरणाच्या दारातून आला आणि किती शहाणा झाला. तो आता चेष्टा करत नसे. मी त्याच्या घरी सणासुदीला जायचो, लांब बसायचो आणि त्याच्या पायांकडे बघायचो नाही.

सात वर्षं अशी गेली. मग एका शुक्रवारी दुपारी, बाकीचे पुरुष नमाजाला गेलेले असताना, मबरूका माझ्या घरी आली. माझी बायको माहेरी होती. मी अंगणात डाळिंबाच्या झाडाला पाणी घालत होतो. ती उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"सीदी, एक काम आहे तुमच्याकडे."

"सांग की."

"तो बूट काढत नाही."

मी पाणी घालत राहिलो.

"त्या दिवसापासून नाही. जेवताना नाही. झोपताना नाही. मी पहिल्यांदा म्हटलं, भीती बसली असेल. मग म्हटलं, पायाला काही झालं असेल, दाखवायची लाज वाटत असेल. मी हात लावला की पाय बाजूला घेतो. रागवत नाही. कधीच रागवत नाही. नुसता बाजूला घेतो."

"असेल काहीतरी."

"सात वर्षं कोणी त्यांना चरबी लावली नाही, धुतले नाहीत. तळ अजून झिजला नाही, सीदी. खिळे चमकतात."

माझ्या हातातलं भांडं अजून अर्धं भरलेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"लहानपणी त्याच्या पायातले काटे तुम्ही काढायचात," ती म्हणाली. "तो सांगायचा मला, आधी. सगळ्या खाणीचे बूट तुमच्या मांडीवर यायचे. तुम्हाला तो नाही म्हणणार नाही. आज चला. मी पोरीला आईकडे पाठवलंय. तुम्ही काढा, मी बघते. काय असेल ते असेल. मी कोणाला जेवू घालते एवढं मला कळू द्या."

"आणि कळून काय करशील?"

"ते माझं मी बघेन."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत पांढरं यायला लागलं होतं. तीस वर्षांची नसेल. मला वाटलं, उठावं, हात पुसावेत आणि तिच्याबरोबर जावं. एक गाठ सोडायची. त्यात काय आहे? मी माझ्या आयुष्यात लाखभर गाठी सोडल्या असतील.

पण त्या गाठीखाली जे काही होतं, किंवा नव्हतं, ते तिथे मी ठेवलं होतं. ती बघणार होती बूट, आणि मला दिसणार होती ती खुंटी.

"मबरूका, मला जमणार नाही," मी म्हणालो. "बस जरा. तुला एक सांगायचंय."

ती बसली नाही. मी तिला सगळं उभ्यानेच सांगितलं. जुनी जोडी, न खरवडलेला आकडा, कुठे टांगली, काय म्हणालो, भट्टीत आधी काय टाकलं. सी तीजानीचं सांगितलं. बाकावर काय ऐकलं ते सांगितलं. सांगताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, डाळिंबाच्या बुंध्याशी पाणी मुरत होतं तिकडे बघत होतो. सात वर्षांत पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडाबाहेर येत होते आणि ते फार थोडे निघाले. मला वाटलं होतं दिवस पुरणार नाही.

"मी त्याला वाचवायला गेलो होतो," शेवटी मी म्हणालो.

मशिदीकडून माणसं परतत असल्याचे आवाज गल्लीत येऊ लागले होते. मी मान वर केली. वाटलं, शिव्या देईल, अंगावर धावून येईल, रडेल. मी सगळ्याला तयार होतो.

मबरूकाने डोक्यावरचा पदर सारखा केला, दार उघडलं आणि आपल्या घराच्या दिशेने चालू लागली.